इंजिनच्या तेलात आणखी काही घालावे का?

घर्षण शिकवताना आपण सगळेच वंगणाचे उदाहरण देतो. शिवणयंत्रात तेल का घालायचे, सायकलची साखळी कोरडी पडली की ती का कुरकुरते, हे मुलांना चटकन पटते. पण घरी दुचाकी किंवा चारचाकी असलेला एखादा विद्यार्थी पुढचा प्रश्न विचारतो, तेव्हा उत्तर तेवढे सोपे राहत नाही. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात छोट्या छोट्या बाटल्या मांडलेल्या असतात. इंजिन ऑइलमध्ये ही एक बाटली ओता, झीज थांबेल, आवाज कमी होईल, ॲव्हरेज वाढेल, असे त्यांवर छापलेले असते. ‘सर, हे खरे असते का?’

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर द्यावेसे वाटते. तसे ते देता येत नाही. का देता येत नाही, हे समजून घ्यायला इंजिन ऑइलचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास उपयोगी पडतो. या लेखात आम्ही मुख्यतः एका संयुगाचा माग काढणार आहोत. ते तेलात घातले गेले एका कारणासाठी, उपयोगी ठरले दुसऱ्याच कामासाठी आणि पुढे तिसऱ्याच ठिकाणी अपायकारक निघाले.

नुसते तेल पुरेना

मोटारगाड्या नव्या होत्या तेव्हा इंजिनात घालायचे तेल म्हणजे खनिज तेलाचा शुद्ध केलेला जड भाग, एवढेच असे. त्यात दुसरे काही मिसळावे, ही कल्पना मात्र लवकरच आली. चार्ल्स चीअर्स वेकफील्ड यांनी १८९९ साली लंडनमध्ये वंगणाची कंपनी काढली. मोटारी आणि विमाने यांच्यासाठी तिने तेलात एरंडेल मिसळले आणि १९०९ साली या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात, त्यावरून हे नाव आले.

एरंडेलच का? खनिज तेलाचे रेणू मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांचे असतात. भार फार वाढला की हे तेल दोन पृष्ठभागांमधून पिळून बाहेर निघते. एरंडेलाच्या रेणूंत ऑक्सिजन असलेले गट असतात, ते धातूला धरून राहतात. पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या विमान इंजिनांत म्हणूनच एरंडेल वापरत. पण हवा आणि उष्णता लागली की एरंडेल गोंदासारखे चिकट होते. इंजिन वारंवार उघडून साफ करावे लागे. एका दुखण्यावरचे औषध दुसरे दुखणे घेऊन आले. ही गोष्ट पुढे अनेकदा घडणार होती.

१९३० च्या दशकात इंजिने अधिक ताकदीची झाली आणि अधिक तापू लागली. तापलेल्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यातून आम्ले तयार होतात. आधीच्या इंजिनांतील बेअरिंगवर कथिलाच्या मऊ मिश्रधातूचा थर असे. त्याला या आम्लांचा फारसा त्रास होत नसे, पण वाढलेला भारही त्याला पेलवेना. म्हणून तांबे-शिसे, कॅडमियम-चांदी अशा मिश्रधातूंची बेअरिंगे आली. त्यांनी भार सोसला, पण आम्लाने त्यांतील शिसे आणि कॅडमियम खाऊन टाकायला सुरुवात केली. यंत्रात सुधारणा झाली आणि तोपर्यंत खपून जाणारा तेलाचा दोष उघडा पडला.

डिझेल इंजिनांत निराळाच प्रश्न होता. कॅटरपिलर कंपनीच्या ट्रॅक्टरांत पिस्टनच्या रिंगा आपल्या खाचांमध्ये घट्ट चिकटून बसत. तेल जळून झालेला चिकट थर आणि काजळी त्या खाचांत साठे. यावर उपाय म्हणून साबणासारखी रचना असलेली धातूंची संयुगे तेलात मिसळण्यात आली. अशा संयुगाच्या एका टोकाला धातूचा अणू असलेला गट असतो आणि दुसरे लांब टोक तेलात विरघळते. कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९३५ साली असे तेल बाजारात आणले. ते कसाला लावण्यासाठी एका सिलिंडरचे खास चाचणी-इंजिन वापरले जाऊ लागले. तेल चांगले की वाईट हे आता रंगावरून, बोटांच्या चिमटीत घेऊन किंवा विकणाऱ्याच्या शब्दावरून ठरणार नव्हते. तेल चाचणी-इंजिनात ठरावीक तास चालवायचे, मग इंजिन उघडून पिस्टन पाहायचा आणि त्यावरून ठरवायचे, अशी पद्धत रूढ झाली.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. तेल काळे झाले म्हणजे खराब झाले, असे पुष्कळांना वाटते. आजच्या तेलात काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता तरंगत ठेवणारे घटक मुद्दाम घातलेले असतात. तेल काळे होते याचा अर्थ निदान हे घटक आपले काम करत आहेत. तेल बदलायची वेळ ठरवायची ती गाडीच्या पुस्तिकेतील किलोमीटर आणि महिने पाहून, नुसत्या रंगावरून नव्हे.

एका जस्ताच्या संयुगाची गोष्ट

अमेरिकेत क्लीव्हलंड येथे १९२८ साली ग्रॅफाइट ऑइल प्रॉडक्ट्स नावाची एक छोटी कंपनी निघाली. मोटारींच्या पाटा-स्प्रिंगांचा कुरकुर आवाज थांबवण्यासाठी तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळून ती विकत असे. हीच कंपनी पुढे लुब्रिझॉल या नावाने तेलाच्या पूरक द्रव्यांची मोठी उत्पादक झाली. १९४० च्या दशकाच्या आरंभी ही कंपनी आणि कॅलिफोर्नियाची युनियन ऑइल कंपनी यांनी एका संयुगकुळाची पेटंटे घेतली. त्याचे नाव लांबलचक आहे: झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. नावातच त्याची घडण आहे. मध्यभागी जस्त, त्याच्या भोवती गंधक आणि फॉस्फरस, आणि बाहेरच्या बाजूला तेलात विरघळू शकणाऱ्या कार्बनच्या साखळ्या. आपण त्याला सोयीसाठी ‘जस्त-संयुग’ म्हणू.

हे संयुग तेलात आले ते बेअरिंगे वाचवण्यासाठी. तेलाचे ऑक्सिडीकरण होताना आधी पेरॉक्साइडे तयार होतात आणि त्यांच्यामुळे पुढची साखळी चालू राहते. जस्त-संयुग त्या पेरॉक्साइडांचे विघटन करते, त्यामुळे आम्ले कमी तयार होतात. झीज थांबवणे हा त्या वेळी त्याचा मुख्य हेतू नव्हता.

मग १९४९ साली कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल या गाड्यांत नव्या धाटणीची आठ सिलिंडरांची इंजिने आली. पुढच्या काही वर्षांत अशा इंजिनांची चढाओढच लागली. त्यांत झडपा उघडणाऱ्या यंत्रणेवर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ताण येई. ही यंत्रणा फळ्यावर काढून दाखवण्यासारखी आहे. एका दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना कॅम म्हणतात. दांडा फिरला की उंचवटा टॅपेट नावाच्या छोट्या दट्ट्याला ढकलतो आणि झडप उघडते. कॅम आणि टॅपेट यांचा स्पर्श जवळजवळ एका रेषेवर होतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ इतके लहान म्हटल्यावर दाब प्रचंड होणारच. तेवढ्या दाबाखाली तेलाचा थर फार पातळ होतो, धातू धातूला घासतो आणि कॅमचा उंचवटा झिजून जातो. ज्या तेलांत जस्त-संयुग होते, ती तेले वापरल्यावर ही झीज कमी होत असल्याचे १९५० च्या दशकात स्पष्ट झाले. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक इंजिन ऑइलमध्ये ते घातले जाऊ लागले.

ते झीज कशी थांबवते, याचा उलगडा व्हायला मात्र कित्येक दशके लागली. घासणाऱ्या पृष्ठभागावर या संयुगाचे विघटन होते आणि झिंक फॉस्फेटचा काचेसारखा थर तेथे बसतो. त्याची जाडी साधारण एक दशांश मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा सुमारे सातशेवा भाग. धातू झिजण्याऐवजी हा थर झिजतो आणि तेलातून पुन्हा भरून निघतो. २०१५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि एक्झॉनमोबिल येथील संशोधकांनी आण्विक बल सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने तापलेल्या तेलात पृष्ठभाग घासून हा थर वाढताना पाहिला. दाब जितका जास्त, तितका थर जलद बसतो, असे त्यांना आढळले. म्हणजे जिथे गरज आहे तिथेच तो तयार होतो. शिवाय एका मर्यादेनंतर त्याची वाढ थांबते. ही दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तेलातले जस्त-संयुग दुप्पट केले म्हणून संरक्षक थर दुप्पट जाड होईल, असे नाही.

तोच थर, चुकीच्या जागी

अमेरिकेत १९७० साली हवेच्या शुद्धतेविषयी कडक कायदा झाला. तो पाळण्यासाठी १९७५ सालच्या मॉडेलांपासून बहुतेक नव्या गाड्यांच्या धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत उत्प्रेरकी परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसवला जाऊ लागला. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, असंख्य बारीक भोके असलेल्या सिरॅमिकच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या धातूंचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन या कणांवर येऊन ऑक्सिजनशी संयोग पावतात. पुढे ऱ्होडियमच्या मदतीने नायट्रोजनच्या ऑक्साइडांचाही बंदोबस्त करता येऊ लागला.

उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही, असे आपण वर्गात सांगतो. ते खरेच आहे. पण तो झाकला जाऊ शकतो. पेट्रोलमध्ये तेव्हा शिशाचे एक संयुग घालत असत. ते उत्प्रेरकाला विषासारखे निघाले, म्हणून या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. शिसे गेल्यावर दुसऱ्या विषाकडे लक्ष गेले. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडेसे तेल नेहमीच ज्वलनकक्षात जाऊन जळते. त्यातला फॉस्फरस धुराबरोबर परिवर्तकापर्यंत पोहोचतो आणि तेथे फॉस्फेटांचा थर बसतो. कॅमवर फॉस्फेटचा जो थर हवा होता, तसाच थर इथे नको होता. तिथे तो धातूचे रक्षण करतो, इथे तो उत्प्रेरकाची तोंडे बुजवतो.

आता तेल बनवणारे पेचात सापडले. फॉस्फरस काढून टाकावा तर इंजिन झिजते, ठेवावा तर परिवर्तक निकामी होतो आणि शहराची हवा बिघडते. यातून मार्ग निघाला तो टप्प्याटप्प्याने. अमेरिकी आणि जपानी मोटार उत्पादकांच्या समितीने पेट्रोल गाड्यांच्या तेलातील फॉस्फरसवर मर्यादा घातली. १९९० च्या दशकाच्या आरंभी ती ०.१२ टक्के होती, १९९६ च्या मानकात ०.१० झाली आणि २००४ च्या मानकात ०.०८ टक्के. या वेळी खालची मर्यादाही नोंदलेली होती: फॉस्फरस ०.०६ टक्क्यांपेक्षा कमी नसावा. २०१० च्या मानकात आणखी एक अट आली. चाचणीनंतर तेलातला किमान ७९ टक्के फॉस्फरस तेलातच उरला पाहिजे, उडून जाता कामा नये.

शेकडेवारी शिकवताना वापरण्याजोगे हे उदाहरण आहे. गाडीत ४ लिटर तेल आहे आणि तेलाची घनता लिटरला ०.८५ किलोग्रॅम आहे, असे धरू. तेलाचे वस्तुमान झाले ३.४ किलोग्रॅम. त्याच्या ०.०६ टक्के म्हणजे सुमारे २ ग्रॅम आणि ०.०८ टक्के म्हणजे सुमारे २.७ ग्रॅम. सगळ्या इंजिनात मिळून फॉस्फरस असायला हवा तो या दोन आकड्यांच्या मध्ये. चिमूटभर मिठाएवढी ती फट आहे. आता समजा, कोणी वरून ओतलेल्या बाटलीतून आणखी २ ग्रॅम फॉस्फरस आत गेला. २.७ चे ४.७ ग्रॅम झाले आणि प्रमाण ०.१४ टक्क्यांच्या घरात गेले. मानक ठरवणाऱ्यांनी वीसेक वर्षे खटपट करून जे प्रमाण खाली आणले, ते अर्ध्या मिनिटात पुन्हा वर गेले.

आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत १९९५ च्या एप्रिलपासून नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक आवश्यक झाला आणि त्यांच्यासाठी तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. २००० सालच्या फेब्रुवारीपासून सगळ्या देशातून शिसेयुक्त पेट्रोल हटले. म्हणजे बाटली ओतावी की नाही या प्रश्नात गाडीच्या मालकाखेरीज रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचाही संबंध येतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फॉस्फरस कमी झाला तो नव्या इंजिनांना नजरेसमोर ठेवून. त्यांत कॅमखाली घसरणाऱ्या टॅपेटऐवजी बहुधा फिरणारा रोलर असतो किंवा दाब कमी राहील अशी रचना असते. जुन्या पद्धतीच्या, घसरत्या टॅपेटच्या इंजिनांना नवे तेल अपुरे पडण्याची शक्यता असते. जतन केलेल्या जुन्या गाड्यांचे मालक जस्त अधिक असलेले तेल शोधतात, त्याला हे कारण आहे. त्या गाड्यांत परिवर्तकही नसतो. एकच पदार्थ एका गाडीला हवा आणि दुसरीला नको, असे हे आहे.

बाटल्यांचा बाजार

आतापर्यंत आपण तेल बनवतानाच त्यात मिसळलेल्या पूरकांविषयी बोललो. आजच्या इंजिन ऑइलचा सुमारे पाचवा भाग अशा पूरकांचा असू शकतो. त्यांत मळ धुणारे, काजळी तरंगत ठेवणारे, फेस मोडणारे, थंडीत तेल वाहते ठेवणारे असे अनेक घटक एकमेकांशी जुळवून घातलेले असतात. म्हणून ‘पूरके चांगली की वाईट’ हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. पूरकांशिवाय आजचे इंजिन चालणार नाही. खरा प्रश्न असा आहे की, जुळवलेल्या या मिश्रणात वरून आणखी काही ओतल्याने फायदा होतो का?

या प्रश्नाची शास्त्रीय तपासणी कशी करायची, यावरून अमेरिकेत एक मोठा वाद झाला होता. तो तेलाविषयी नव्हता, मोटारीच्या बॅटरीत घालायच्या पावडरीविषयी होता, पण मुद्दा तोच आहे. एडी-एक्स-टू नावाची ही पावडर बॅटरीचे आयुष्य वाढवते, असा विकणाऱ्याचा दावा होता. तिच्यात मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियम यांची सल्फेटे होती. राष्ट्रीय मानक संस्थेने पावडर घातलेल्या आणि न घातलेल्या बॅटऱ्यांना एकसारखे वागवून तुलना केली आणि काही फरक पडत नाही, असा निष्कर्ष काढला. समाधानी ग्राहकांची पत्रे मात्र ढिगाने येत होती. १९५३ साली नव्या सरकारातील व्यापारमंत्री सिंक्लेअर वीक्स यांनी संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांना पद सोडायला सांगितले. बाजार काय म्हणतो याकडे संस्थेने दुर्लक्ष केले, असा त्यांचा आक्षेप होता. देशभरातील शास्त्रज्ञांनी याला विरोध केला. ॲस्टिन यांना पदावर ठेवावे लागले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने संस्थेचे काम योग्य असल्याचा निर्वाळा दिला.

ग्राहक खोटे बोलत होते का? तसे म्हणायचे कारण नाही. बॅटरीत काही घालायचे म्हणजे आधी ती उघडून पाणी भरले जाते, चार्जही केली जाते. तेलाचेही तसेच आहे. बाटली ओतणारा माणूस बहुधा त्याच वेळी तेल आणि फिल्टर बदलतो, हवा तपासतो आणि पुढचे काही दिवस ॲव्हरेजवर लक्ष ठेवून जपून गाडी चालवतो. सुधारणा खरी असते, पण ती कशामुळे झाली हे त्यातून कळत नाही. शिवाय काही बाटल्यांतील द्रव फार दाट असतो. तेल दाट झाले की झिजलेल्या इंजिनाचा खडखडाट थोडा दबतो. झीज मात्र होती तिथेच राहते.

दाव्यांची छाननी पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे आली. एसटीपी कंपनीने तिच्या पूरकामुळे तेलाचा खप कमी होतो, असे जाहिरातींत म्हटले होते. १९७८ साली तिला पाच लाख डॉलर दंड भरावा लागला. शिवाय दोन लाख डॉलर खर्चून या प्रकरणाची माहिती देणाऱ्या जाहिराती छापाव्या लागल्या. १९९६ साली ‘स्लिक ५०’ या टेफ्लॉनवर्गीय पदार्थ असलेल्या पूरकाविरुद्ध तक्रार झाली. गाडी थंड असताना सुरू केली की धातूवर धातू घासतो आणि हे पूरकच त्यापासून वाचवते, असा त्याचा प्रचार होता. उत्पादकाने सांगितलेले साधे तेल वापरले तरी बहुतेक इंजिनांना सुरू होताना पुरेसे संरक्षण मिळते, असे आयोगाचे म्हणणे होते. १९९७ साली तडजोड झाली आणि पुराव्याशिवाय असे दावे न करण्याचे कंपनीने मान्य केले.

टेफ्लॉनचे नाव ऐकले की तव्याची आठवण होते आणि दावा पटू लागतो. पण तव्यावर टेफ्लॉन बसवताना पृष्ठभाग स्वच्छ आणि खरबरीत करून तो भट्टीत तापवावा लागतो. हा पदार्थ वितळतो सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला. इंजिनातले तेल त्याच्या निम्म्याइतकेही क्वचितच तापते आणि आतला प्रत्येक पृष्ठभाग तेलाने माखलेला असतो. तव्यावरचे उदाहरण इंजिनात नेताना या गोष्टी विसरल्या जातात.

यापुढचे प्रकरण आमच्या कथेच्या आरंभाकडे नेणारे आहे. २००१ साली आयोगाने ‘झीमॅक्स’ या पूरकाविरुद्ध खटला भरला. विक्रेते ज्या प्रमाणित चाचणीचा हवाला देत होते, त्याच चाचणीत हे पूरक घातलेल्या तेलाने बेअरिंगांचे क्षरण नुसत्या तेलापेक्षा दुपटीहून अधिक झाले होते आणि असे प्रतिकूल निकाल प्रचारातून वगळले गेले, असा आयोगाचा आरोप होता. कंपनीने आरोप मान्य केला नाही. २००३ साली तडजोड होऊन ग्राहकांना परतफेड करण्यासाठी दहा लाख डॉलर बाजूला काढण्यात आले. ज्या बेअरिंगांच्या क्षरणामुळे जस्त-संयुग तेलात आले, तीच चाचणी साठ वर्षांनी उपयोगी पडली.

आजची गाडी

मग आजच्या गाड्यांचे काय? त्यांत हे प्रमाणांचे गणित आणखी नाजूक झाले आहे. तीन उदाहरणे पाहू.

पहिले, टर्बो बसवलेली छोटी पेट्रोल इंजिने. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या या इंजिनांत, कमी वेगात जास्त जोर लावताना, कधी कधी ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेते. अशा एखाद्या धक्क्याने पिस्टन फुटू शकतो. तेलातील मळ धुणाऱ्या कॅल्शियमच्या संयुगांमुळे हे प्रमाण वाढते, असे संशोधनात दिसून आले. मॅग्नेशियमच्या संयुगांनी तसे होत नाही आणि आपले जुने जस्त-संयुग तर ते कमी करायला मदत करते. म्हणून २०१८ आणि २०२० साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या नव्या श्रेणींत यासाठी खास चाचणी घालण्यात आली.

दुसरे, डिझेल गाड्या. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, तेव्हा डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी आली. साठलेली काजळी तापवून जाळून टाकता येते. तेलातील कॅल्शियम, जस्त अशा धातूंची राख मात्र जळत नाही, ती गाळणीत साचत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे तेल लागते. वरून धातुयुक्त पूरक ओतणे म्हणजे ती राख वाढवणे.

तिसरे उदाहरण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे आहे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिनाचेच तेल क्लचमध्येही फिरते. क्लचला पकड हवी असते, म्हणजे तेथे घर्षण हवे असते. मोटारीसाठी बनवलेल्या काही तेलांत आणि बाटल्यांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यांनी क्लच घसरू लागतो. म्हणून मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ अशी वेगळी खूण असते.

तेव्हा विद्यार्थ्याला उत्तर असे देता येईल: नव्या गाडीत उत्पादकाने पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचे तेल वेळच्या वेळी बदलावे, वरून काही घालू नये. फायद्याचा पुरावा तुटपुंजा आहे आणि अपायाच्या वाटा अनेक आहेत. जुन्या, घसरत्या टॅपेटच्या इंजिनासाठी त्याला साजेसे तयार तेलच घ्यावे, म्हणजे प्रमाण जुळवण्याचे काम आपल्यावर येत नाही.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना घरातून किंवा गॅरेजमधून तेलाचा रिकामा डबा आणायला सांगा. त्यावरची अक्षरे आणि आकडे वहीत उतरवून घ्या: तेलाची दाटी कोणती, श्रेणी कोणती, कोणत्या वाहनासाठी आहे? त्याच गाडीच्या पुस्तिकेशी ते जुळते का?

मग एखाद्या पूरकाची जाहिरात घेऊन चार प्रश्न विचारता येतील. ‘झीज कमी’ म्हणजे कशाच्या तुलनेत कमी? कोणत्या इंजिनात पाहिले? किती प्रमाणात घातले होते? आणि तपासणी कोणी केली, तिचे सगळे निकाल दाखवले आहेत का?

शेवटी एक आराखडा करायला द्या. एका एसटी आगारातील वीस बसगाड्या आपल्याला चाचणीसाठी मिळाल्या, असे समजा. पूरकाने इंधन वाचते की नाही, हे कसे ठरवाल? कोणत्या दहा गाड्यांत ते घालाल आणि त्या कशा निवडाल? चालकांना सांगाल का? मार्ग, भार, टायरमधील हवा यांचे काय कराल? किती किलोमीटर थांबाल? मुले वाद घालतील, एकमेकांच्या आराखड्यातल्या चुका काढतील. त्यातले चांगले आराखडे आम्हाला जरूर पाठवा.